नावाचा दाखला

युद्धात कामी आलेल्या आप्ताचे स्मृतिचिन्ह घरी कसे आणावे, एवढाच प्रस्तुत पुस्तकाचा विषय आहे. अर्जांचे नमुने, दप्तरांचे पत्ते, नोंदवह्या वाचण्याची रीत, पदकांची ओळख, असा त्याचा ऐवज. आणि अशा व्यवहारोपयोगी पुस्तकाला लांबलचक प्रस्तावनेची गरज काय, असे कोणी विचारले तर ते गैर म्हणता येणार नाही. परंतु ज्या घरांसाठी संपादकांनी हा खटाटोप केला आहे, ती घरे सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी, रायगड या मुलखात गावोगाव आहेत, आणि त्यांतल्या पुष्कळांपाशी आपल्या माणसाविषयी 'पणजोबांचा धाकटा भाऊ बसऱ्याला गेला तो परत आलाच नाही' या एका वाक्यापलीकडे काहीही उरलेले नाही; ना छायाचित्र, ना पत्र, ना मृत्यूची तिथी. तेवढ्या शिदोरीवर विलायतेपर्यंत पत्रव्यवहार करण्यास निघालेल्या माणसाला नुसता पत्ता पुरत नाही. आपण मागतो आहोत ती वस्तू मुळात काय आहे, ती देण्याचे कर्तव्य कोणाचे होते, आणि ते कोठे पाळले गेले व कोठे टाळले गेले, हे त्याला ठाऊक असले म्हणजे तो याचक म्हणून नव्हे, तर वारस म्हणून अर्ज करतो.

रणात पडलेल्याचे स्मारक करण्याची चाल आपल्याकडे फार जुनी आहे. गावाच्या वेशीपाशी किंवा महादेवाच्या देवळाच्या आवारात जे वीरगळ उभे असतात, त्यांच्या खालच्या चौकटीत झुंज, मधल्या चौकटीत वीराला स्वर्गास नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा आणि शिरोभागी चंद्रसूर्य, अशी सगळी कथा शिल्पकाराने सांगितलेली असते; मात्र बहुसंख्य वीरगळांवर एक अक्षरही कोरलेले आढळत नाही. अभ्यासकांची त्यामुळे कितीही अडचण होवो, ज्यांनी तो दगड उभा केला त्यांना अक्षरांची गरजच नव्हती. गाई सोडवताना किंवा वेस राखताना जो पडला, तो कोणाच्या घरचा, हे अवघ्या गावाने डोळ्यांनी पाहिलेले असे. नाशिकात धुळवडीच्या दिवशी घराण्यातल्या वीराचा टाक देवघरातून बाहेर काढतात आणि वाजतगाजत गोदेवर नेतात. तो टाकही चांदीच्या पत्र्यावर उठवलेली एक आकृतीच, तिच्यावर नाव नसते, नाव घराच्या तोंडी असते. मृत्यू घराजवळ घडत होता, प्रेत घरच्यांच्या खांद्यावरून जात होते, आणि म्हणून स्मृतीला लिखित आधाराची निकड भासत नव्हती.

१९१४ साली सुरू झालेल्या महायुद्धाने ही घडी समूळ विस्कटून टाकली. अखंड हिंदुस्थानातून तेरा लाखांहून अधिक माणसे त्या युद्धाच्या कामी लागली आणि सुमारे ७४,००० मृत्युमुखी पडली. त्यांतली जी मराठी मुलखातून गेली, त्यांचा मोठा भाग मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, लढला. सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी तैग्रिसच्या काठाने बगदादच्या रोखाने गेल्या, माघारी फिरल्या आणि कूत-अल-अमारा येथे ७ डिसेंबर १९१५ पासून तुर्कांच्या वेढ्यात अडकल्या. २९ एप्रिल १९१६ रोजी अन्नान्नदशेने ते ठाणे शत्रूच्या स्वाधीन झाले. त्यानंतर कैद झालेल्या शिपायांना वाळवंट तुडवीत उत्तरेकडे नेण्यात आले, आणि त्या वाटेवर उन्हाने, हगवणीने, उपासमारीने जे कोसळले त्यांची नोंद ठेवायला तिथे ना पलटणीचा कारकून होता, ना गावचा कुलकर्णी. गावी फक्त एवढेच कळले की माणूस बेपत्ता आहे. पुढे केव्हातरी बेपत्ताची नोंद फौतीत बदलली. पण अंत्यविधीला देह नाही, दहाव्याला अस्थी नाहीत, आणि ज्या पाटलाने बातमी वाचून दाखवली त्यालाही ते ठिकाण नकाशावर दाखवता येत नव्हते. अशा मृत्यूला वीरगळ पुरा पडत नाही. तिथे कागद लागतो, धातूचा तुकडा लागतो, आणि त्याच्यावर नाव लागते.

सर्व पक्षांच्या सरकारांना ही गोष्ट युद्ध चालू असतानाच उमगली होती. ब्रिटिश सरकारने १९१६ साली एक समिती नेमली आणि मृतांच्या वारसांना द्यावयाच्या स्मृतिचिन्हासाठी पुढच्या वर्षी खुली स्पर्धा जाहीर केली. तिला आठशेहून अधिक रेखाकृती आल्या. काही तर प्रत्यक्ष आघाडीवरून, मेसोपोटेमियातूनही आल्या होत्या. लिव्हरपूलचे शिल्पकार एडवर्ड कार्टर प्रेस्टन यांना २५० पौंडांचे पहिले पारितोषिक मिळाले आणि त्यांच्या आकृतीवरून सुमारे पावणेपाच इंच व्यासाची कांस्याची चकती ओतण्यात येऊ लागली. हातात पुष्पचक्र घेतलेली ब्रिटानिया, तिच्यापुढे सिंह, भोवती आरमारी सामर्थ्याचे द्योतक असे दोन डॉल्फिन मासे, तळाशी गरुडाला फाडणारा दुसरा लहान सिंह, आणि कडेने हा स्वातंत्र्य व सन्मान यांसाठी मरण पावला अशा अर्थाची इंग्रजी अक्षरे, असे तिचे स्वरूप आहे. अशा तेरा लाखांहून अधिक चकत्या वाटल्या गेल्या. त्यांपैकी सुमारे सहाशे स्त्रियांच्या नावे होत्या, आणि त्यांच्यासाठी मजकुरातले सर्वनाम बदलून निराळा साचा करावा लागला.

या चकतीतली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे तिच्यावरची ती लहानशी आयताकृती चौकट. मृताचे नाव त्या चौकटीत मागाहून खोदलेले नाही. प्रत्येक नाव साच्यातच जुळवून ते चकतीबरोबर उठावात ओतलेले आहे, आणि नावापुढे हुद्दा मुद्दामच घातलेला नाही. कर्नल असो की शिपाई, चकतीवर तो केवळ नावाने उभा आहे. कराड तालुक्यातल्या एका घरी अशी चकती मला पाहावयास मिळाली. ती देवघराच्या फळीवर टाकांच्या शेजारी ठेवलेली होती, खंडेनवमीला तिची पूजा होत असे, आणि वर्षानुवर्षे लावलेले कुंकू उठावाच्या अक्षरांच्या खाचांत साचल्यामुळे काळवंडलेल्या कांस्यावर ते नाव तांबडे होऊन उमटले होते. घरातल्या वृद्ध आजींना इंग्रजी अक्षर ओळखता येत नव्हते. परंतु 'हे त्यांचं नाव' असे म्हणून त्यांनी बोट ठेवले ते नेमके त्या चौकटीवर. वीरगळ आणि टाक यांच्या परंपरेत वाढलेल्या घराने परक्या राजाकडून आलेल्या वस्तूला आपल्या देवघरात जागा दिली, ती सिंहामुळे नव्हे, ब्रिटानियामुळे तर नव्हेच. त्या नावामुळे दिली, याविषयी माझ्या मनात संदेह नाही.

या ठिकाणी एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. ज्या स्वातंत्र्यासाठी हा मेला असे चकती म्हणते, ते स्वातंत्र्य त्या शिपायाच्या स्वतःच्या देशाला तेव्हा नव्हते. मग असली चिन्हे मागण्यात आणि जपण्यात स्वाभिमान तो कोणता, असे म्हणणारे विचारवंत आपल्यात आहेत आणि त्यांच्या म्हणण्यातले तथ्य नाकारता येणार नाही. चकतीच्या कडेचा तो मजकूर सातारच्या शेतकऱ्याच्या पोराच्या बाबतीत खरा नव्हता. दुष्काळी जिराईत, कर्जाचा बोजा, पलटणीत जाण्याची घराण्याची रूढी आणि भरतीसाठी फिरणारे अंमलदार, या चौघांनी मिळून त्याला मुंबईच्या गोदीपर्यंत नेले होते. पण साम्राज्याचे समर्थन करणे वेगळे आणि साम्राज्याने नेलेल्या आपल्या माणसाचा हिशेब मागणे वेगळे. ज्यांनी माणूस नेला त्यांनी त्याचे काय झाले हे लिहून द्यावे, त्याचे नाव बिनचूक लिहावे आणि जिथे इतरांची नावे आहेत तिथे त्याचेही असावे, ही मागणी दीनवाणी नाही. माझ्या मते त्या काळाशी आपला जो काही हिशेब बाकी आहे, त्यातली ही पहिली रक्कम आहे.

आणि तो हिशेब चुकता झालेला नाही, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. युद्धमृतांची स्मारके व दफनभूमी यांची जबाबदारी १९१७ साली राजसनदेने स्थापन झालेल्या युद्धसमाधी आयोगाकडे आली. साम्राज्यातल्या प्रत्येक मृताचे स्मरण त्याच्या नावाने व्हावे आणि हुद्दा, वंश वा धर्म यांवरून त्यात भेद होऊ नये, हे त्या आयोगाचे मूलतत्त्व. फ्रान्समध्ये ते पाळले गेले. न्यूव्ह शापेल येथे हर्बर्ट बेकर यांनी बांधलेल्या आणि १९२७ साली खुल्या झालेल्या स्मारकावर ज्यांची समाधी नाही अशा ४,७०० हून अधिक हिंदी सैनिकांची व मजुरांची नावे आहेत. बसऱ्याला मात्र निराळे घडले. १९२९ साली अनावरण झालेल्या तिथल्या स्मारकावर मेसोपोटेमियातल्या चाळीस हजारांहून अधिक मृतांचे स्मरण आहे. ब्रिटिश सैनिकांची नावे त्यावर कोरली, हिंदी पलटणींतल्या सुभेदार-जमादारांचीही कोरली, आणि शिपायांच्या वाट्याला त्यांच्या पलटणीच्या नावाखाली 'आणि इतर इतके हिंदी सैनिक' अशा अर्थाचा एक आकडा आला. ज्या मेसोपोटेमियात आपल्या पलटणी झिजल्या, नेमक्या त्याच भूमीवर आपला शिपाई आकड्यात विरून गेला. हे एखाद्या कारकुनाच्या अनवधानाने झाले नव्हते. अशा माणसांच्या घरच्यांना नावाचे अगत्य नसणार, असे गृहीत धरून घेतलेला तो निर्णय होता. कराडच्या त्या आजींचे बोट आठवले, की हे गृहीत किती खोटे होते ते वेगळे सिद्ध करावे लागत नाही.

आयोगाने स्वतः नेमलेल्या समितीने २०२१ साली या विषयावर अहवाल दिला. पहिल्या महायुद्धातल्या ४५,००० ते ५४,००० मृतांचे, त्यांत मुख्यतः हिंदी, आफ्रिकी व इजिप्ती लोकांचे, स्मरण इतरांच्या तुलनेत असमान रीतीने केले गेले, आणि किमान १,१६,००० मृतांची, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत, नावाने नोंदच झाली नाही, असे त्या समितीला आढळले; आयोगाने त्याबद्दल क्षमायाचनाही केली. बसऱ्याचे स्मारक पुढे १९९७ साली मूळ जागेवरून उचलून नासिरियाच्या रस्त्यावर वाळवंटात हलवले गेले आहे, त्यामुळे तिथे जाऊन माथा टेकण्याची कोणाची इच्छा असली तरी ती पुरी होणे अवघड. तथापि जे दगडावर नाही ते पुष्कळ अंशी आयोगाच्या नोंदसंग्रहात आज आहे, नावानिशी आहे, आणि घरबसल्या त्याचा शोध घेता येतो; प्रस्तुत पुस्तकाचा अर्धा भाग या एका गोष्टीवर खर्ची पडला आहे तो योग्यच आहे.

समुद्रावर मेलेल्यांचा उल्लेख अशा पुस्तकांतून बहुधा राहून जातो. संपादकांनी तो केला याबद्दल त्यांचे विशेष अभिनंदन केले पाहिजे. कोकणपट्टीतले खलाशी दोन्ही महायुद्धांत व्यापारी जहाजांवर होते, बॉयलरच्या भट्टीशी कोळसा ओढत होते, आणि पाणतीर लागला की जहाजाच्या पोटात काम करणाऱ्याला वर येण्याची संधी सर्वांत कमी असे. त्यांच्या अंगावर गणवेश नसल्यामुळे गावानेही त्यांना वीर म्हटले नाही. मुंबईत मशीद बंदरजवळच्या खलाशी निवासात पहिल्या महायुद्धातल्या दोन हजारांहून अधिक हिंदी खलाशांचे स्मारक आहे, आणि दुसऱ्या महायुद्धात ज्यांना समुद्रावाचून दुसरी समाधी लाभली नाही अशा सुमारे साडेसहा हजार नाविकांची व खलाशांची नावे ज्या ग्रंथात लिहिली आहेत, त्याची एक प्रत मुंबईत व दुसरी चितगावात ठेवलेली आहे. रत्नागिरीच्या घराला यासाठी विलायतेला लिहावे लागत नाही. तरीही त्या स्मारकाचा पत्ता खुद्द मुंबईकरांना माहीत नसावा, याचा विषाद वाटतो.

शोधाच्या वाटेतल्या अडचणी पुस्तकात सविस्तर आल्या आहेत. दोन-तीन गोष्टींवर मात्र मला जोर द्यावासा वाटतो. पहिली गोष्ट नावाच्या लेखनाची. पलटणीच्या कारकुनाने कानावर पडले तसे नाव इंग्रजीत उतरवले. त्यामुळे जाधव हे आडनाव निदान तीन-चार तऱ्हांनी सापडते, पुष्कळदा आडनाव गळून नुसते पहिले नाव उरते, आणि 'मराठा' हा शब्दही जुन्या पद्धतीने मध्ये 'ह' घालून लिहिलेला असतो. दुसरी गोष्ट मुलखाची. नोंदीत बापाचे किंवा बायकोचे नाव, गाव, तालुका आणि जिल्हा असा तपशील असला तर तो त्या काळचा असतो. आजच्या सांगलीतले गाव सातारा जिल्ह्यात, सिंधुदुर्गातले रत्नागिरीत किंवा सावंतवाडी संस्थानात, आणि रायगडातले कुलाबा जिल्ह्यात शोधावे लागते. पलटणींचे आकडेही १९२२ साली बदलले. १०३ ची पहिली, १०५ ची दुसरी, ११० ची तिसरी, ११६ ची चौथी, ११७ ची पाचवी आणि ११४ ची दहावी झाली, हे ठाऊक नसले तर आजोबांच्या पेन्शनबुकातली पलटण आणि त्यांच्या चुलत्याच्या नोंदीतली पलटण एकच होती, हे ध्यानातच येत नाही.

घरात पदक असेल तर या साऱ्या यातायातीतली निम्मी वाचते. पहिल्या महायुद्धातल्या पदकांच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ही बारीक अक्षरांत ठोकलेली असतात. पदक तिरप्या उजेडात धरून हळूहळू फिरवले की ती वाचता येतात. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैनिकांना मिळालेली पदके कोरी होती, हिंदी सैनिकांच्या पदकांवर मात्र नाव घातले गेले, ही आपल्या दृष्टीने मोठीच सोय. म्हणून एक विनंती आहे, आणि ती घरातल्या स्त्रियांना विशेषेकरून आहे: दिवाळीच्या घासपुशीत पदकाला चिंच किंवा राख लावू नये. देवांच्या उपकरणांबरोबर भक्तिभावाने घासून घासून कडेवरचे नाव पुसून गेलेली पदके मी पाहिली आहेत, आणि अडीअडचणीच्या वर्षी सोनाराकडे गेलेल्या चांदीच्या पदकांइतकेच मला त्यांचेही वाईट वाटते.

दिल्लीच्या इंडिया गेटवर नाव असेलच, अशीही अनेकांची समजूत असते. तिथे तेरा हजारांच्या आसपास नावे आहेत. उरलेली अन्यत्र विखुरलेली आहेत, तेव्हा तिथे नाव सापडले नाही म्हणून निराश होण्याचे कारण नाही. १९४७ नंतरच्या युद्धांत जे पडले त्यांच्या वारसांची वाट पुष्कळच सुकर आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आणि पलटणीचे केंद्र, मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या बाबतीत ते बेळगावला आहे, ही दोन दारे त्यांना उघडी असतात, आणि २०१९ साली दिल्लीत झालेल्या राष्ट्रीय युद्धस्मारकात त्या मृतांची नावे एकेका शिळेवर कोरली आहेत.

कांस्याची ती चकती आता नव्याने मिळत नाही, हे वाचकाने आरंभीच ध्यानात घ्यावे. बाजारात विकायला येते ती दुसऱ्या कोणाच्या घरची असते. आज मिळू शकते ते आयोगाचे स्मरणपत्र, स्मारकावरील नावाचे किंवा समाधीशिळेचे छायाचित्र, नोंदवहीतल्या पृष्ठाची नक्कल, आणि या सर्वांतून निघणारी एक तारीख. या तारखेचे मोल शहरी वाचकाला कदाचित कमी वाटेल. शस्त्राने मृत्यू आलेल्याचे श्राद्ध पितृपक्षातल्या चतुर्दशीला करावे आणि ज्याची तिथी ठाऊक नाही त्याचे सर्वपित्रीला, असा आपल्याकडे परिपाठ आहे. बसऱ्याला गेलेला माणूस लढताना पडला, तापाने गेला की कैदेत, हेच माहीत नसल्याने कित्येक घरांनी शंभर वर्षे त्याला अमावास्येच्या सामायिक पानावर बसवले. नोंदीत तारीख मिळाली, जुन्या पंचांगावरून तिथी निघाली, आणि त्या घराने आपल्या माणसाचे पान वेगळे वाढले, असे घडल्याचे संपादकांनी ज्या कुटुंबांच्या हकीगती दिल्या आहेत त्यांत वाचावयास मिळते, आणि पुस्तकातला तो भाग मला सर्वांत मोलाचा वाटला.

नोंद सापडली आणि तीत नाव चुकीचे लिहिलेले आढळले, तर स्मरणपत्र मिळाले एवढ्यावर समाधान मानून थांबू नये. सप्रमाण दुरुस्ती आयोग मान्य करतो. पदकाच्या कडेचे छायाचित्र, पेन्शनचा कागद, गावच्या दप्तरातली वारसनोंद, यांपैकी जे हाती असेल त्याची स्वच्छ नक्कल जोडावी, नाव देवनागरीत व इंग्रजीत दोन्ही प्रकारे लिहावे, गावाचा आजचा व जुना तालुका द्यावा, आणि अर्जदाराचे मृताशी नाते वंशावळीसह स्पष्ट करावे. अशा अर्जाचा नमुना शेवटच्या परिशिष्टात आहे. इतर पाने नंतर चाळली तरी चालतील, तो आधी पाहावा.